वळवाच्या पावसानंतर अंगणात येणारे भुंगेरे

वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला, की लगेच दिवेलागणीनंतर आमच्या घराभोवती भुंगेऱ्यांची झुंबड उडते. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आमचे घर उसाच्या रानाला लागून आहे आणि अंगणात जुना कडुनिंब आहे, त्यामुळे यातून सुटका नाही. ओल्या जमिनीतून वर आलेले हे तपकिरी भुंगेरे पाला खाण्यासाठी आणि मीलनासाठी कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात आणि ओसरीवरचा दिवा दिसला की त्यावर झेपावतात. गेल्या वर्षी जेवायला बसलो असताना एक भुंगेरा सासूबाईंच्या पदराला चिकटला. त्याच्या पायांवरचे बारीक काटे सुती कापडात असे रुतले होते, की त्याला सोडवताना पदराचा दोराच निघून आला. तो डंख मारत नाही, तरी लहान मुले फार घाबरतात.

पूर्वी आम्ही घरात कीटकनाशक फवारत असू आणि सकाळी ओसरी झाडून उरलेले जिवंत भुंगेरे बांधापलीकडे टाकत असू. ती मोठी चूक होती, कारण हा भुंगेरा म्हणजेच पिकाची मुळे खाणाऱ्या हुमणी या किडीची प्रौढ अवस्था. मादी शेतातल्या मातीत अंडी घालते, त्यातून निघालेल्या पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या उसाची मुळे कुरतडतात, आणि पुढे काही महिन्यांनी पिवळे पडलेले उसाचे बेट नुसत्या हाताने ओढले तरी उपटून येते. अळी जमिनीत खोल गेल्यावर तिच्यापर्यंत औषध पोहोचवणे अवघड असते. भुंगेरा मात्र आपण होऊन दारात येतो. वर्षाला हुमणीची एकच पिढी होत असल्याने या थोड्या रात्री हातच्या जाऊ देऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

आता पाऊस पडला की संध्याकाळी सातच्या आधीच आम्ही ओसरीचा दिवा बंद करतो, खिडक्यांच्या जाळ्या लावतो आणि घरापासून दूर, निंबाजवळ एक बल्ब टांगून त्याखाली रॉकेल मिसळलेल्या पाण्याचे पसरट घमेले ठेवतो. तासाभराने निंबाखाली जुनी चादर अंथरून काठीने फांद्या हलवल्या, की पानांना अर्धगोल कुरतडत बसलेले भुंगेरे पावसासारखे खाली पडतात आणि तेही त्याच घमेल्यात जातात. हे काम अंडी घातली जाण्यापूर्वी, म्हणजे पहिल्या काही रात्रींतच झाले पाहिजे, आणि एकट्या घराने करून भागत नाही. शेजारच्या निंबावरचे भुंगेरे आपल्याच रानात उतरतात. म्हणून गेल्या वर्षी मी आळीतल्या बायकांना रात्री बोलावून ते घमेले दाखवले. यंदा आमच्यासह चार घरांनी बल्ब लावले असून, सकाळी चारही घमेल्यांतले मेलेले भुंगेरे आम्ही एकाच खड्ड्यात पुरतो.