तुम्ही विचारलंत म्हणून: अंजिराला इतक्या लवकर का उठवता?

‘बाहेर अजून बर्फ आहे आणि तुमचं अंजीर घरात पाला घेऊन उभं! झाडाला त्याच्या वेळेनं उठू द्या की.’ हे मी दर वर्षी ऐकते. म्हणणारे बहुतेक स्वतःच अंजीर लावलेले असतात, म्हणून झाड गुंडाळायचं कसं, हे इथे सांगत बसत नाही. उणे १० अंशांच्या आसपास फांद्या दगावू लागतात, मुळं बहुधा तगतात, वसंतात बुंध्यातून धुमारे येतात आणि आपण म्हणतो, वाचलं बाई. वाचलं खरं, पण फळाचं काय?

पहिला बहार गेल्या वर्षीच्या लाकडावर येतो. ते लाकूडच मेलं की तोही गेला. उरतो नव्या फुटीवरचा मुख्य बहार. पानाच्या बेचक्यात टाचणीच्या डोक्याएवढं फळ दिसल्यापासून ते पिकेपर्यंत बहुतेक जातींना ९० ते १२० दिवस लागतात. त्यातले मधले कित्येक आठवडे फळ नुसतं बसून असतं, वाढत नाही. हिरवं तोडून घरात ठेवलं तर पिकतही नाही. धुमारा जमिनीतून निघून फळं धरेपर्यंत अर्धा उन्हाळा सरलेला असतो. म्हणजे आमच्यासारख्यांची खरी अडचण हिवाळा नाही, आखूड उन्हाळा आहे.

दिवस शरदाकडून वाढवून पाहिले आहेत. प्लॅस्टिक ताणलं, आत हीटर ठेवला. ऊब मिळते, पण ऊन कुठून आणणार? फळं मऊ पडली, पण पाणचट. खाणाऱ्यांनी कौतुक केलं, त्यांचं त्यांना माहीत.

म्हणून वसंताकडून. कुंडीतलं झाड लवकर आत आणायचं, मुळांना ऊब, वर दिवा. पाला आला की दिवसा बाहेर, रात्री आत. तेही एकदम कडक उन्हात नाही, घरातला पाला करपतो. पाच-सहा पानं झाली की शेंडा खुडायचा, म्हणजे झाड उंचीचा नाद सोडून फळांकडे वळतं.

आता एका वसंतातल्या त्या हिमाच्या रात्रीबद्दल, कारण टोमणे तिथूनच येतात. कुंडी तोवर इतकी मोठी झाली होती की ती दारातून रोज आत घेताना दोन माणसं लागत. त्या संध्याकाळी घरात मी एकटीच. अंदाज शून्याच्या वरचा होता. झाडावर जाड चादर टाकली, बुंध्याशी दिवा लावला, कडा विटांनी दाबल्या. आभाळ स्वच्छ, वारा नाही. अशा रात्री जमीन आपली ऊब सरळ आभाळाला देऊन टाकते, हे मला पाठ होतं. उजाडता चादर काढली तेव्हा पानं हिरवीगार दिसली, आणि मी चहा ठेवायला आत गेले. ऊन चढलं तशी ती उकडलेल्या भाजीसारखी लोंबायला लागली. दुपारपर्यंत काळी. बारीक फळं त्याच आठवड्यात एकेक करून गळली. भिंतीलगत जमिनीतलं दुसरं झाड मात्र डोळे मिटून बसलं होतं, त्याला काही झालं नाही. शेजारीण कुंपणापाशी उभी राहिली, त्या झाडाकडे बघितलं आणि काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

कुंडीतल्याला नवी फूट आली, फळंही धरली, उशिरा. थंडी आली तेव्हा दोन्ही झाडांवर सारखीच हिरवी, सारखीच कडक फळं होती. सगळी मोडून टाकली. बोटांना लागलेला चीक दोन दिवस खाजत होता.

तरी मी झाड उठवतेच. ते वर्ष हिमाने नेलं, लवकर उठवण्याने नव्हे. इतर वर्षी पिकलेलं अंजीर मी खाल्लं ते कुंडीतल्याचंच. ‘झाडाला कळतं’ हे पूर्वी मीही म्हणायची. काय कळतं? अंजिराला थंडीची झोप फार लागत नाही. फसवा उबदार आठवडा आला की बाहेरचंही झाड डोळे फोडतं. पण हेही खरं की कुंडी आत-बाहेर करायच्या त्या महिनाभरात मी कुठे जाऊ शकत नाही, पाहुणेही नकोसे होतात, आणि एवढ्याने मिळतात ती अंजिरं एका परडीत मावतात.

शिवाय पॅरिसजवळच्या आर्जांतइच्या बागाईतदारांना मला उत्तर देता येत नाही. ते शरदात फांद्या वाकवून चरात पुरायचे, मातीने झाकायचे आणि वसंतात उघडायचे. घाई नाही, दिवा नाही. जुनं लाकूड वाचलं की पहिला बहार आपसूक पदरात. भिंतीलगतच्या झाडाला हे करून पाहावं असं मनात आहे. पण त्याचं खोड आता मनगटाहून जाड झालंय. वाकवायला गेलं तर मोडेल. पुरायचं तर ते बुडापाशी छाटून नवे धुमारे आडवे वाढवावे लागतील, आणि त्यात आणखी एक उन्हाळा जाईल.