आधी फाडायचं, मग कापायचं

सणाची सुट्टी लागायला तीन आठवडे उरले की मी वर्गात जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन जाते. घोटीव कागद, कात्र्या, डिंक सगळं कपाटातच राहतं. छोट्या गटातली मुलं तीन-साडेतीन वर्षांची. ती जमिनीवर गोल करून बसतात, प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक पान येतं आणि मी एवढंच म्हणते, "फाडा."

सुरुवातीला कुणीच फाडत नाही. सगळी माझ्या तोंडाकडे बघत बसतात. घरी कागद फाडला की ओरडा बसतो आणि इथे ताईच फाडायला सांगतेय, हे पचायला वेळ लागतो. मग कुठून तरी पहिला 'टर्र' असा आवाज येतो, कुणीतरी खिदळतं, आणि दोन मिनिटांत सगळा वर्ग त्या आवाजाने भरून जातो.

फाडणं हे काम दिसतं तितकं सोपं नाही. कागद दोन्ही हातांनी बाहेर ओढला तर तो नुसता ताणला जातो, फाटत नाही. दोन्ही हातांची चिमूट जवळजवळ आणावी लागते आणि मग एक हात पुढे, एक मागे न्यावा लागतो. दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामं करायची असतात, आणि कात्री धरताना नेमकं हेच लागतं. म्हणून माझ्या वर्गात सणाची तयारी इथून सुरू होते.

गेल्या वर्षी एक मुलगी बराच वेळ गप्प बसून फाडत होती. एक पट्टी उभी फाडायची, एक आडवी, परत उभी. मग पान घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, हा कागद इकडून ऐकतो, इकडून ऐकत नाही." अगदी बरोबर होतं तिचं. कागद यंत्रावर तयार होतो तेव्हा त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला पडतात. त्या दिशेने फाडलं की पट्टी सरळ निघते, आडवं फाडलं की वेडीवाकडी जाते. वर्तमानपत्राच्या पानात ही दिशा बहुधा वरून खाली असते. मी तिला हे काही समजावलं नाही. तिने शोधलेलं होतं, ते तिच्याच शब्दांत सगळ्यांना सांगायला लावलं. त्या दिवसापासून वर्गात भाषाच ठरून गेली. ऐकणाऱ्या बाजूने निघालेल्या पट्ट्या साखळीला, न ऐकणाऱ्या बाजूचे तुकडे ढगांना, डोंगरांना आणि ज्योतींना.

माझी पहिली काही वर्षं अशी नव्हती, हे सांगायला हवं. तेव्हा मी आधी चित्र ठरवायचे. आदल्या रात्री जागून बावीस मुलांसाठी बावीस सारखे आकार कापून ठेवायचे, मुलांनी फक्त सांगितलेल्या जागी चिकटवायचे. भिंत सुंदर दिसायची, पालक फोटो काढायचे. पण आपलं कुठलं ते ओळखायला मुलांना मागचं नाव बघावं लागायचं, आणि नाव तर त्यांना वाचता येत नव्हतं. या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं.

फाडण्यानंतर चिकटकाम. मी ताजी पिठाची खळ करून नेते, कारण ती बोटाने लावता येते आणि धुतली की जाते. त्यानंतर घडी घालणं. टोकाला टोक जुळवून दाबायचं आणि घडीवरून अंगठा फिरवायचा, यात मुलांना वाटतं त्याहून जास्त वेळ जातो आणि तो जाऊ द्यायचा. घडी जमली की चटई विणतो, एक पट्टी वरून, एक खालून. कागदाची ही चटई फार जुनी आहे. जर्मनीत फ्रिड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी आपलं केंद्र काढलं आणि पुढे १८४० मध्ये त्याला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. त्यांच्या हस्तव्यवसायांत कागदाच्या घड्या आणि पट्ट्यांचं विणकाम होतंच. जगभर सणाला सजावटीसाठी करतात तो चार पट्ट्यांचा कागदी तारा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो तारा चार-पाच वर्षांच्या मुलांना झेपत नाही, पट्ट्या रुंदीच्या पंचवीस-तीस पट लांब लागतात आणि शेवटची टोकं वळवताना मोठ्यांचीही बोटं अडखळतात. मी तो मुलांसमोर बसून स्वतः करते. मोठी माणसंही हळूहळू, चुकत, उलगडून परत करतात हे त्यांनी बघावं म्हणून.

कात्री सगळ्यात शेवटी. तीही आधी बोटभर रुंदीच्या जाड पट्टीवर, म्हणजे एकदाच कच् केलं की तुकडा पडतो. त्यात इतका आनंद असतो की तुकड्यांच्या वाट्या भरतात, आणि तेच तुकडे पुढे कंदिलावर नक्षी म्हणून जातात. मग सरळ रेघ, मग वळण. अंगठा आभाळाकडे ठेवायचा आणि वळणावर कात्री न फिरवता कागद फिरवायचा, एवढ्या दोनच सूचना मी देते.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या गटात एक मुलगा कात्री निघाली की पाणी प्यायला जायचा. रोज. आधीच्या वर्षीच्या नोंदीत त्याच्याबद्दल लिहिलेलं होतं की हातकामात रस नाही. मी एकदा शेजारी बसून नीट बघितलं. कागद दोन पात्यांच्या मध्ये दुमडून अडकत होता, कापला जातच नव्हता. तो कात्री डाव्या हाताने धरत होता.

आपली नेहमीची कात्री उजव्या हाताची असते. उजव्या हाताने धरली की बोटांच्या दाबाने पाती एकमेकांना घासतात आणि म्हणून कापतात. तीच डाव्या हातात घेतली की तोच दाब पात्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. शिवाय वरचं पातं रेघेवर येतं आणि कुठे कापायचं तेच दिसत नाही. डाव्या हाताच्या कात्रीत वरचं पातं दुसऱ्या बाजूला असतं, नुसती मूठ बदलून काम होत नाही. मी तशी एक कात्री आणली, तिच्या मुठीला लाल दोरा बांधला आणि काही न बोलता त्याच्यापुढे ठेवली. पहिली पट्टी कापली गेली तेव्हा त्याने कात्री उलटसुलट करून पाहिली. मग दुसरी पट्टी. त्या दिवशी तो पाणी प्यायला उठला नाही. त्याची आठवण झाली की नोंदवहीतलं ते वाक्य मला टोचतं. आम्ही वर्षभर एका मुलाला चुकीचं हत्यार देत होतो आणि दोष त्याच्या आवडीला देत होतो.

आता घरचं सांगते. माझी मुलगी साडेचार वर्षांची असताना आम्ही दोघींनी सुट्टीत पतंगी कागदाचा कंदील केला. खालच्या झिरमिळ्या तिने लावल्या, सगळ्याच्या सगळ्या एकाच बाजूला. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. ती झोपल्यावर मी अर्ध्या झिरमिळ्या हलक्या हाताने सोडवल्या आणि चारी बाजूंना सारख्या लावल्या. पाच मिनिटांचं काम. सकाळी ती कंदिलाखाली उभी राहिली आणि म्हणाली, "आई, माझा कुठाय?" हाच तुझा, मी म्हटलं. "नाही. माझ्याला माझ्या बाजूला गर्दी होती." तिच्या पलंगावर पडल्यावर कंदिलाची एकच बाजू दिसते. झिरमिळ्या तिने विचार करून तिथे लावल्या होत्या.

मी माफी मागितली आणि आम्ही दोघींनी त्या पुन्हा तिथे नेल्या, पण पतंगी कागद एकदा सोडवला की सुरकुततो, पहिल्यासारखा बसला नाही. तेव्हापासून आमच्या घरी प्रत्येकाचं काम वेगळं. मला नीटनेटका कंदील हवा असेल तर मी माझा करते, तिच्या शेजारी बसून. सासूबाईही एक करतात, जुन्या लग्नपत्रिकांचा, आणि त्यांच्या हातच्या घड्यांकडे मुलगी जितकं टक लावून बघते तितकं माझ्या सांगण्याकडे ती कधी लक्ष देत नाही.

मीठ-पिठाच्या लटकन्या हे घरासाठी माझं आवडतं काम. दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ, जवळपास एक वाटी पाणी, पाणी थोडं थोडं घालत घट्ट मळायचं. अर्ध्या सेंटीमीटरहून जाड लाटू नका, आतून ओलं राहतं. भोक ओलं असतानाच पाडायचं. हवेवर वाळायला तीन-चार दिवस लागतात, रोज उलटत राहायचं. पूर्ण वाळल्यावर रंग आणि वर वार्निशचा हात दिला नाही तर दमट हवेत मीठ पाणी ओढून घेतं आणि लटकनी मऊ पडते. आमच्या एका वर्षाच्या हाताच्या ठशाचं असंच झालं, डब्यात बोटं मऊ होऊन एकमेकांना चिकटली होती. आणि हे पीठ मुलांनी किंवा कुत्र्या-मांजरांनी खाता कामा नये, त्यात मिठाचं प्रमाण घातक असतं.

काळजीच्या दोन गोष्टी आणखी सांगते, त्यात मी तडजोड करत नाही. सजावटीच्या छोट्या दिव्यांमध्ये बटणासारखे गोल सेल असतात. असा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका आतून गंभीर भाजू शकते. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर तो दिवा मुलांच्या कामात घेऊ नका, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठा. दुसरं म्हणजे मणी, टिकल्या, बटणं. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे जे आरपार जातं ते सगळं उंच ठेवायचं.

वर्गात आता आम्ही सजावट मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगतो. दोरी जमिनीपासून जेमतेम मीटरभर. पालक आले की त्यांना खाली बसावं लागतं. त्या डावखुऱ्या मुलाचे बाबा आले, गुडघ्यावर बसले आणि साखळीचं कौतुक करू लागले. तो साखळीकडे बघतही नव्हता. पळत जाऊन त्याने लाल दोऱ्याची कात्री आणली, एक पट्टी बाबांना दिली आणि कापून दाखव म्हणाला. बाबांनी कात्री उजव्या हातात धरली. दोनदा दाबली, कागद पात्यांमध्ये दुमडला.

"त्या हातात नाही, बाबा," तो म्हणाला, आणि त्यांची बोटं एकेक सोडवून कात्री त्यांच्या डाव्या हातात ठेवली. "या हातात धर. आणि अंगठा आभाळाकडे."