हिरव्या गोळ्या

आईच्या औषधांच्या डब्यात, हिंग्वाष्टक आणि सितोपलादीच्या मधोमध, मला हॉप्स सापडले.

शनिवारी पुतण्या मला मुंढव्याच्या एका मायक्रोब्रुअरीत घेऊन गेला होता. तिथल्या बिअर बनवणाऱ्या मुलाला मी नको तितके प्रश्न विचारले (कोथरूडहून मुंढव्याला जायचं म्हणजे प्रवासच, तो वसूल करायला नको?). शेवटी त्याने मूठभर हिरव्या गोळ्या आणून माझ्या हातावर ठेवल्या. हॉप्स म्हणजे एका वेलीची मादी फुलं. ती वाळवून, दळून, दाबून या गोळ्या करतात. दिसायला थेट गुरांच्या सुग्रासची धाकटी बहीण. एक तळहातावर चुरडली, तर मोसंबीची साल, डिंक आणि ओलं गवत असा एकत्र वास आला. जिभेला लावली. आधी काहीच नाही. मग घशाकडून कडूपणा आला आणि जाईचना. "कुत्र्यापासून लांब ठेवा, त्यांना विषारी असतं," मुलगा म्हणाला. आमच्याकडे कुत्रा नाही. आईबद्दल तो काही बोलला नव्हता.

रविवारी आईने धुवायला टाकण्याआधी माझ्या कुडत्याचे खिसे तपासले. गोळ्या हिरव्या, वास उग्र, टोक चाखून पाहिलं तर कडूजहर. म्हणजे औषधच! आमच्या घरात कडूला आत यायला दुसरं दारच नाही. कारलं रक्तासाठी, मेथी सांध्यांसाठी, पाडव्याची कडुनिंबाची चटणी वर्षभराच्या आरोग्यासाठी. लहानपणी रात्री भिजत घातलेलं काडेकिराईत सकाळी नाक दाबून प्यायचो, तेही कशासाठी तरीच. "कारलं काय मस्त लागतं" एवढंच म्हणून थांबलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. तो पुढे "आणि शुगरला चांगलं" म्हणतोच.

गंमत म्हणजे शनिवारच्या टेबलावर आयटीतली पोरं हेच करत होती. एकजण म्हणाला, "काका, हॉप्समध्ये अँटिऑक्सिडंट असतात." दुसऱ्याने मुतखडा काढला, तो निघाल्याशिवाय आपल्याकडे बिअरची मैफल पुरी होत नाही. लघवी वाढते हे खरं, पण ते काम तांब्याभर पाणीही करतं, आणि युरिक ॲसिड वाढवत नाही.

घरी येऊन मी वाचत बसलो. हॉप्समध्ये झँथोह्युमॉल नावाचं एक द्रव्य असतं. प्रयोगशाळेतल्या पेशींवर ते बरेच गुण दाखवतं. पण बिअर करताना हॉप्स उकळतात, त्यात त्याचं बहुतेक रूपच पालटतं आणि ग्लासात जेमतेम उरतं. कडूपणा येतो तो अल्फा ॲसिडांमुळे. उकळीत त्यांची रचना बदलते आणि मग ती पाण्यात विरघळतात. म्हणून आधी घातलेले हॉप्स कडूपणा देतात आणि शेवटी घातलेले नुसता वास. फोडणी आणि वरून पेरलेली कोथिंबीर, तसं. हा कडूपणा आयबीयू नावाच्या मापात मोजतात. 1 आयबीयू म्हणजे लिटरला साधारण 1 मिलिग्रॅम.

मग मी कागदावर हिशेब मांडला. 40 आयबीयूची, म्हणजे चांगली कडू, 330 मिलिलिटर बिअर. त्यात कडू द्रव्य सुमारे 13 मिलिग्रॅम. बिअर 5 टक्क्यांची असेल, तर त्याच ग्लासात अल्कोहोल सुमारे 13 ग्रॅम. हजारपट! आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावरची संस्था दारूला तंबाखूच्याच पहिल्या गटात बसवते. त्या 13 मिलिग्रॅमच्या आडून 13 ग्रॅमला औषध म्हणायचं, हे काडेकिराईत खव्यात घोळवून त्याला काढा म्हणण्यासारखं झालं.

पुतण्याला फोन करून हिशेब ऐकवला. "काका, मग तुम्ही प्यायलात कशाला?" प्रश्न रास्त होता. प्यायलो, कारण छान लागली. हॉप्स नसतील तर बिअर म्हणजे जवाचं गोडमिट्ट पाणी, दुसरा घोट नको वाटेल असं. कडूपणा तो गोडवा पुसतो आणि जीभ कोरी करून देतो. हॉप्स काही जिवाणूंना वाढू देत नाहीत म्हणून बिअर टिकतेही. बव्हेरियात तर 1516 साली फर्मानच निघालं, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी सोडून काही घालायचं नाही. ही पाटी आमच्या पेठांतही शोभली असती.

हे सगळं मी आईला सांगितलं, दारूचा भाग जरा आवरता घेऊन. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं.

"म्हणजे चांगलं कशाला?"

"कशाला नाही. चवीला."

"चवीला?" माझी काहीतरी लपवाछपवी चालली आहे अशा नजरेने तिने पाहिलं. "मी सोमवारी रात्री अर्धी घेतली. गाढ झोप लागली."

आता आली का पंचाईत! युरोपात पूर्वी झोप लागावी म्हणून हॉप्स उशीत भरत, आणि जर्मनीत आजही झोपेच्या वनौषधींत ते घालतात, हेही मी वाचलेलं होतं. ते मी गिळलं. "सोमवारी लाइट गेले होते, तू नऊलाच आडवी झालीस," एवढंच म्हणालो.

संध्याकाळी डबा उघडला, तर गोळ्या एका छोट्या डबीत गेल्या होत्या. झाकणावर चिकटपट्टी, आणि तिच्या वळणदार अक्षरात: "झोप. रात्री अर्धी. विचारल्याशिवाय घेऊ नये."