दोन ‘जुने गोवे’ आणि एक ईस्टर: जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

गोव्यात ‘जुना गोवा’ एक नाही, दोन आहेत. हे मला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर बाराशे रुपये आणि अर्धी दुपार वाचली असती. म्हणून सगळ्यात आधी तेच.

ईस्टरच्या तेरा दिवस आधीच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मोठी मिरवणूक निघते. यंदा ती २३ मार्चला होती. गाव गोवा वेल्हा. ‘वेल्हा’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये जुना, म्हणून फोंड्याला आत्याच्या घरून निघताना मी कंडक्टरला ‘जुना गोवा’ सांगितलं. त्याने मला गांधी सर्कलला उतरवलं, आणि त्याचं काहीच चुकलं नाही. बॉम जेझुस चर्चसमोर भर तीनच्या उन्हात मिरवणुकीचा मागमूस नव्हता. मेणबत्त्या विकणाऱ्या बाईंनी सांगितलं, “तें थोरलें गोंय. हें पोरनें.”

थोरलें गोंय म्हणजे गोवा वेल्हा, कदंब राजांचं गोपकपट्टण. पोरनें गोंय म्हणजे चर्चेसचा ओल्ड गोवा, पोर्तुगीजांची राजधानी. म्हणजे जो नावाने जगभर जुना, त्याच्यापेक्षा दुसरा जास्त जुना. दोघांमध्ये दहा-बारा किलोमीटरचं अंतर, आणि मला थेट बस मिळेना. टॅक्सीवाल्याने पंधराशे मागितले, बाराशेवर आला, त्याखाली एक रुपया नाही. मीटरचा विषयच काढू दिला नाही. मिरवणूक चुकेल या धास्तीने मी दिले. ही सरळ सरळ लूट होती आणि दोन आठवडे झाले तरी माझा राग गेलेला नाही.

तुम्ही असं करा. कुठूनही या, आधी पणजीचा बसस्टँड गाठा. तिथून आगशीची पाटी असलेली लोकल बस पकडा. मडगावची शटल घेऊ नका, ती विनाथांबा असते आणि गोवा वेल्हा डोळ्यांदेखत मागे पडतं. चारच्या आत पोचा. नंतर चर्चच्या आवारात पाय ठेवायला जागा राहत नाही. पाण्याची बाटली घरूनच भरून न्या.

मिरवणूक मात्र बघायलाच हवी. सतराव्या शतकात फ्रान्सिस्कन साधूंनी ती सुरू केली. १८३० च्या दशकात पोर्तुगीज सरकारने धर्मसंघच बंद केले तेव्हा ती खंडित झाली आणि पुढे गावाने पुन्हा उभी केली. माणसाच्या उंचीच्या मूर्ती, अंगावर खरे कापडी झगे, आणि प्रत्येक मूर्ती खांद्यांवर. भोई पालखीला खांदा बदलतात तसाच इथेही न थांबता बदलतात. एका मूर्तीच्या बाहीची कड उसवली होती आणि वाहणाऱ्यांच्या पावलागणिक तो धागा हलत होता. मी बराच वेळ त्या धाग्याकडेच बघत राहिलो. जत्रेत हातपंखे विकायला असतात, एक घ्याच. शोभेसाठी नव्हे, त्या गर्दीत खरंच लागतो.

परत कोल्हापूरला आलो आणि २ एप्रिलला पुन्हा फोंडा. त्या दिवशी हनुमान जयंती होती आणि इकडे पवित्र गुरुवार, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदला दिवस. हा योगायोग नाही. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. पंचांग हाताशी असेल तर अंदाज घरबसल्या येतो. पुढच्या वर्षी, २०२७ ला, ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे गोवा वेल्ह्याची मिरवणूक १५ मार्चला. दोन्ही एका फेरीत बसवायचं तर पंधरा दिवसांची रजा लागेल. नाहीतर दोन फेऱ्या करा, मधला मार्ग नाही.

गुड फ्रायडेला गोव्यात खायला जाऊ नका. आत्याच्या शेजारणीकडे त्या दिवशी एकच जेवण होतं, पेज आणि मिसकूट, म्हणजे कैरीचं लोणचं. चर्चच्या घंटा गुरुवार रात्रीपासून मुक्या. त्यांच्याऐवजी मात्राक नावाची लाकडी खटखटी वाजवतात. त्या कोरड्या आवाजाने पोटात कालवतं.

खरा स्वयंपाक त्याआधीच झालेला असतो. सोरपोतेल गुरुवारी शिजवून ठेवलं होतं. डुकराचं मांस आणि काळीज उकडून, बोराएवढे तुकडे करून, परतून, मसाला आणि माडाच्या व्हिनेगरात मुरवलेलं. रोज एकदा गरम करायचं आणि झाकायचं. शेजारणीने सगळा करेज्म, म्हणजे उपासाचे चाळीस दिवस, मांस सोडलं होतं. त्यामुळे मीठसुद्धा चाखलं नाही, नुसत्या वासावर अंदाज. आत्या म्हणाली, “अरे, आपण नैवेद्याचं तरी कुठे चाखतो?” रविवारी पातेलं उघडलं तेव्हा मीठ चोख होतं.

शनिवारी रात्रीची प्रार्थना चुकवू नका. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर मोठी मेणबत्ती, तिच्यावरून शेकडो छोट्या. काळोखं चर्च हळूहळू उजळत जातं आणि मग दोन दिवस गप्प असलेल्या घंटा एकदम सुटतात. माझे डोळे भरून आले. अडीच-तीन तास लागतात, मागे उभं राहायची तयारी ठेवा. प्रसाद घ्यायला रांगेत जाऊ नका, तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतो. परतीची सोय आधीच करून ठेवा. इतक्या रात्री बस नसते, आणि टॅक्सीचं मी वर लिहिलंच आहे.

रविवारचं जेवण हॉटेलात शोधू नका. किनाऱ्यावरच्या एका ठिकाणी माणशी चौदाशे घेऊन त्यांनी ईस्टरच्या नावाखाली यीस्टचा उग्र वास मारणारे सान्नां, म्हणजे तांदळाच्या इडल्यांसारखे वाफवलेले, दिले. शेजारणीकडचे सुरेवर, म्हणजे माडीवर, आंबवलेले, हलके, किंचित गोडसर. एका जेवणात फरक कळला. डुक्कर खात नसाल तर शाकुती, म्हणजे वाटणाचा मसालेदार रस्सा, असते, पण बोलावलं असेल तरच जा आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. मी कोल्हापूरचा गूळ नेला होता.

मार्झिपानची अंडी तिथेच बनताना पाहिली. युरोपात बदाम, इथे काजू. काजूची पूड आणि साखरेचा पाक कडा सुटेपर्यंत घोटायचा, थोडं गुलाबपाणी, मग साच्याच्या दोन अर्ध्यांत दाबून जोडायचं. मोदक साच्यातून निघतो तसं अंडं अलगद निघतं, वर पांढऱ्या आयसिंगची नक्षी. किनाऱ्यावरच्या दुकानात दुप्पट भावाने मिळतं ते साखर आणि इसेन्स, घेऊ नका.

शेजारणीचे दीर तारवटी, म्हणजे खलाशी, जन्म जहाजावर गेलेला. ग्रीसमध्ये लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटतात, ज्याचं फुटत नाही त्याचं वर्ष चांगलं, हे त्यांनी दोन उकडलेली अंडी घेऊन दाखवलं. पोलंडमध्ये शनिवारी अंडी, पाव, मीठ, सॉसेज टोपलीत घालून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात आणि सोमवारी एकमेकांना पाण्याने भिजवतात. पोर्तुगालात फोलार नावाचा पाव, वर सालीसकट उकडलेलं अंडं. जहाजावर एक केरळी सोबती गुरुवारी रात्री बिनआंबवलेला पेसहा अप्पम करायचा, तो मोडताना सगळे गप्प बसायचे. हे सांगताना तेही गप्प झाले.

सॉसेज घ्यायचं तर आगशीहून माळ घ्या, गोवा वेल्ह्याला लागूनच आहे. मिरवणुकीच्या दिवशीच घेतलेली माझी माळ आत्याच्या चुलीवर टांगली होती, ती अजून टिकून आहे. बस तीच, आगशीची पाटीवाली. पाटी वाचल्याशिवाय पायरीवर पाय ठेवू नका.