शेठचं नाक

बिअर प्यायला निघालेल्या टोळक्यात एक तरी न पिणारा हवा, हे आम्ही कॉलेजपासून पाळत आलोय. पूर्वी तो बिल नीट तपासायला लागायचा, आता गाडी चालवायला लागतो. आमच्यात हा मान शेठचा. भवानी पेठेत त्याचं आजोबांपासूनचं मसाल्याचं दुकान, आणि दारूचा थेंब कधी जिभेला लागलेला नाही. तरी शनिवारी मुंढवा, कोरेगाव पार्क, मग बाणेर असा ब्रुअऱ्यांचा फेरा ठरला तेव्हा सगळ्यांत आधी "येतो" म्हणाला तो शेठच. चखणा खायला, असं त्याचं म्हणणं.

आमची पिढी परमिट रूममध्ये बिअर शिकली. बाहेर काळी काच, आत भर दुपारी संध्याकाळ, टेबलावर न मागता आलेले खारे शेंगदाणे आणि काकडी. बिअरबद्दल प्रश्न एकच: थंड आहे का? वेटर बाटली पुढे करायचा, आपण हात लावून मान डोलवायची. चवीची चौकशी कोणी करत नसे, आणि तितक्या गार बिअरची चव कळायचीही नाही. कायद्याच्या नजरेत तर आपण तिथे औषधच घ्यायला जायचो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखालचा पिण्याचा परवाना प्रकृती राखण्यासाठी म्हणून दिला जातो. पाच रुपयांच्या एक दिवसाच्या परवान्यावर आम्ही किती प्रकृत्या राखल्या, देव जाणे.

पुण्यात हे चित्र बदलायला लागलं २००९ मध्ये, कोरिन्थियन्स क्लबात डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली तेव्हा. तिथल्या तिथे गाळलेली बिअर मिळते हे ऐकून आम्हाला आधी हातभट्टीच आठवली होती. तशी या शहराला बिअर गाळणं नवीन नाही. इंग्रजांच्या काळी गोऱ्या पलटणींसाठी खडकीला ब्रुअरी होतीच.

मुंढव्याला पोचलो तर काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या लख्ख चमकत होत्या. तिथला बिअर बनवणारा पोरगा हौशी निघाला. आम्हाला आत नेऊन त्याने माल्ट हातावर दिलं. शेठने दाणा दातांखाली फोडला आणि म्हणाला, "सातू. मोड आणून वाळवलाय." पोरगा बघतच राहिला. यात खरं तर नवल नव्हतं. घरोघरी बाळासाठी नाचणीचं सत्त्व करतात त्यात दुसरं काय असतं? भिजवायची, मोड काढायचे, वाळवून दळायची. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर व्हायची सोय होते. पुढे हे भरडलेलं माल्ट ६५ अंशांच्या आसपास गरम पाण्यात तासभर ठेवतात, तो गोड काढा बिअरला कडूपणा देणारे हॉप्स घालून उकळतात, निववतात आणि यीस्टच्या हवाली करतात. एल जातीची बिअर असेल तर दोनेक आठवड्यांत ग्लासात येते. हॉप्स म्हणजे काहीतरी फुलांसारखं असेल अशी माझी कल्पना. त्याने डब्यातून काढलं ते थेट शेळ्यांच्या खुराकासारखं, हिरव्या कांड्यांचं. शेठने विचारलं, उरलेल्या चोथ्याचं काय करता? गुरांना जातो म्हटल्यावर लगेच, "काय भावाने?"

मग लाकडी फळीवर छोटे छोटे ग्लास आले. आमच्यातला एक जण फोनमध्ये बघून कडूपणाचे आकडे सांगायला लागला, दुसरा "मला साधी माइल्ड नाही का मिळणार?" म्हणून रुसला. पहिला ग्लास गव्हाच्या जर्मन बिअरचा, गढूळ पिवळा. आम्ही चौघे घोट घेऊन गंभीर चेहऱ्याने "स्मूद आहे" वगैरे बोलत होतो, तोवर शेठने नुसता वास घेतला. "लवंग. आणि केळं, जरा जास्तच पिकलेलं."

पोरग्याने त्याला नमस्कारच केला. पण यात लवंगही नाही आणि केळंही नाही, दोन्ही वास यीस्टच तयार करतं, असं सांगितल्यावर शेठ मिश्कील हसला. लवंगेशिवाय लवंगेचा वास येतो म्हणणारे व्यापारी त्याने भरपूर पाहिलेत.

तिथून पुढे आमची गंमतच झाली. ग्लास आला की आधी तो शेठपुढे सरकवायचा, त्याने हुंगायचं, मग आम्ही प्यायचं. स्टाउट नावाच्या काळ्या बिअरला त्याने "करपवलेला सातू, कॉफी नाही" म्हटलं, तेही बरोबर. जिभेपेक्षा नाकाला जास्त कळतं हे मला तेव्हा पटलं, आणि परमिट रूमच्या बर्फगार बाटलीत आपण काय काय न हुंगता गिळलं याचा हिशोब नको वाटला. गप्पांचं मात्र नुकसान झालं, हे सांगायला हवं. पूर्वी दोन बाटल्यांत कोणाचं लग्न, कोणाची नोकरी, कोणाचा बाप, सगळं निघायचं. आता तास गेला तो बिअरवरच बोलण्यात. मधल्या काळात कोणाची बायपास झाली, हे मला कोरेगाव पार्कातून बाणेरला जाताना विद्यापीठ चौकाच्या सिग्नलला कळलं. त्या ट्रॅफिकचे उपकारच म्हणायचे.

बाणेरच्या ब्रुअरीत बेल्जियन विट ही गव्हाची बिअर आली. हिच्यात मात्र संत्र्याची साल आणि धणे खरोखरच घालतात. शेठने ग्लास नाकाशी नेला आणि पहिल्यांदा तोंड वाकडं केलं. "धणे जुने आहेत. गेल्या सालचे."

बिअर बनवणारा बाहेर आला तो थोडा चिडूनच. शेठने त्याला आतून मूठभर धणे आणायला लावले, एक दाणा चिरडून त्याच्या नाकाखाली धरला. मग गोल दाणा कसा नको, लांबट का घ्यायचा, राजस्थानातल्या रामगंज मंडीचा नवा माल कधी उतरतो, हे सुरू झालं. पाच मिनिटांत तो माणूस खुर्ची ओढून बसला.

"किलोभर पाठवा, बघतो," तो म्हणाला.

"किलो?" शेठ दुखावला. "आपलं होलसेल आहे, साहेब."

आमचं बिल येऊन पडलं, आम्ही ते वाटून भरलं, फोनवाल्याने शेवटचा आकडा वाचून दाखवला. गाडीची किल्ली शेठच्या खिशात, आणि शेठ अजून वाहतूक खर्च कोणाचा यावर अडलेला. आम्ही आणखी एक फळी मागवली.