काकूंचा उपास

अमृतमहोत्सव समितीचं पत्र आलं. ‘आपल्या आवडत्या शिक्षकांविषयी हजार शब्दांपर्यंत लिहावे.’ माझे आवडते शिक्षक कोण, हे 1983च्या बॅचमधल्या कोणालाही विचारा. गणिताचे सर. त्यांच्याबद्दल या अंकात निदान दहा जण लिहितील. कंपास न घेता फळ्यावर काढलेलं त्यांचं वर्तुळ, शेवटच्या बाकावर नेमका बसणारा खडूचा तुकडा, सगळं येईल. मी सरांचा जन्मभर ऋणी आहे. हे लिहून झालं. आता काकूंबद्दल लिहितो.

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. शाळेच्या कुठल्याही कागदावर त्यांचं नाव सापडणार नाही. संगमेश्वराकडच्या, सातवी झालेल्या, लग्न होऊन लालबागला आल्या त्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत. शाळेच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की समोर त्यांची गॅलरी. मधल्या सुट्टीत आपण सगळे त्या गॅलरीखालूनच वडापाव आणायला जायचो, आणि वरून हाक यायचीच. ‘ए, तुझ्या ताईचं जमलं का रे?’ सरांना ज्याचं आडनाव पटकन आठवायचं नाही, त्याच्या आजीच्या कोणत्या गुडघ्याला सूज आहे ते काकूंना ठाऊक असायचं. मासेवाली टोपली टेकवायची ती त्यांच्याच दाराशी. बोहारीण भांड्यांची घासाघीस अर्धवट सोडून स्वतःच्या सुनेची कागाळी सांगत बसायची. शाळेचे शिपाईमामा पगाराच्या दिवशी घरी जाण्याआधी त्यांच्याकडे चहा घेऊन जात. एप्रिलमध्ये त्यांच्या गॅलरीत मिरच्या वाळायला पडल्या की मजलाभर शिंका, आणि त्या शिंकांवरूनही चार बायकांची मैफल जमायची.

आमची दहावी संपात गेली. 18 जानेवारी 1982ला गिरण्या बंद झाल्या तेव्हा मी नववीत होतो. जवळजवळ अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांतले एक माझे वडील, साचाखात्यातले. दोन महिन्यांत मिटेल, असं जो तो म्हणत होता. गणपती आले, दिवाळी आली. वर्गातली काही मुलं आईबरोबर गावी गेली ती परत दिसली नाहीत. वडिलांनी हातगाडी भाड्याने घेतली. पहाटे चारला आम्ही भायखळ्याच्या मंडईत, तिथून भाजी भरून परळपर्यंत गाडी ढकलायची, मग आंघोळ करून मी सातच्या शाळेत. दुसऱ्या तासाला मान खाली. सरांनी दोनदा खडू मारला, तिसऱ्यांदा मारला नाही. फक्त म्हणाले, ‘संध्याकाळी घरी ये. वही आण.’

त्या वर्षी सरांकडे आम्ही पाचसहा जण संध्याकाळी जायचो. शिकवणीचे पैसे नव्हते, कोणी विचारलेही नाहीत. सर बाहेरच्या खोलीत भूमिती घ्यायचे आणि आत काकूंचा स्टो फरफरत असायचा. कुळथाच्या पिठीला लसणाची फोडणी पडली की माझं प्रमेय तिथेच थांबायचं. पण घरून सक्त ताकीद होती: कोणाकडे काही खायचं नाही. संपकऱ्याच्या पोराला दया म्हणून वाढतात, असं होता कामा नये. पहिल्या दिवशी काकूंनी पोह्यांची बशी पुढे केली तेव्हा मी ‘जेवून आलोय’ म्हणालो. संध्याकाळी साडेपाचला कोण जेवून येतो? काकू काही बोलल्या नाहीत. बशी आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आतून हाक मारली. ‘अरे, जरा इकडे ये रे. माझा आज उपास आहे, मला चाखता येत नाही. आमटीत मीठ बघ बरं.’ यात काही खाणं नव्हतं, काम होतं. मी गेलो. काकूंनी वाटी भरून आमटी दिली. ‘नुसत्या आमटीत मीठ कळत नाही,’ म्हणून मूठभर भात घातला. ‘आता भाताचं बघ शिजलाय का,’ म्हणून आणखी थोडा. मग भाजीचं मीठ. मग भाकरी खरपूस झाली का, ते. मी अगदी जबाबदारीने खायचो, डोळे मिटून विचार करायचो आणि सांगायचो, ‘बरोबर आहे काकू.’ एकदा फारच मन लावून ‘किंचित कमी आहे’ म्हणालो, तर त्यांनी खरंच चिमूटभर टाकलं आणि पुन्हा वाटी भरली.

मग हे रोजचंच झालं. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार संतोषीमातेचा, शनिवार मारुतीचा. बुधवार तेवढा अडचणीचा. त्या दिवशी एकादशी असायची, आणि नसली तर पुढच्या आठवड्यातली आत्ताच धरल्येय असं सांगायच्या. बाहेरून सर ओरडायचे, ‘मिठाचं सिद्ध झालं असेल तर इकडे या, त्रिकोण वाट बघतोय.’ एका गुरुवारी मी लवकर पोहोचलो तर काकू पाटावर बसून वरणभात जेवत होत्या. मला बघून घास तोंडात तसाच ठेवून म्हणाल्या, ‘आत्ताच सोडला रे.’ मला खरं वाटलं. पंधरा वर्षांच्या मुलाला उपास कधी सुटतो हे काय कळणार!

हे उमगायला मला माझं लग्न व्हावं लागलं. बायकोची संकष्टी होती. तिनेही मला स्वयंपाकघरात बोलावलं, ‘जरा मीठ बघा हो.’ आणि डावभर नाही, वाटीभर नाही, चमच्याच्या टोकावरचे चार थेंब माझ्या तळहातावर टाकले. मी तळहाताकडे बघत उभाच राहिलो. चाखायला एवढंच लागतं! ती विचारत होती, ‘काय झालं? खारट आहे का?’ मला काही सांगता येईना.

पुढच्याच रविवारी पेढे घेऊन चाळीत गेलो. म्हटलं, ‘काकू, आठवड्याला सहा सहा उपास?’ त्या पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडवत होत्या. ‘अरे, सरांना अळणी चालत नाही ना. तुझी जीभ चांगली होती.’ एवढंच. शेवटपर्यंत कबूल म्हणून झाल्या नाहीत.

मी व्हीजेटीआयमधून डिप्लोमा केला, नोकरीत वर चढत गेलो, मुलगी परदेशात शिकते आहे. शाळेला मध्यंतरी सहा संगणक दिले, ते इथे लिहायचं काही कारण नव्हतं, पण लिहून झालं. ते बसवायला आलो तेव्हा कळलं, आमच्या वेळी दहावीच्या चार तुकड्या होत्या, आता एक, तीही जेमतेम भरते. मागचं फाटक कायमचं बंद केलंय. तसंही त्या फाटकातून बघायला समोर आता गॅलरी उरलेली नाही.

चाळ पाडली, सर आणि काकू काही वर्षं संक्रमण शिबिरात राहिले, मग त्याच जागेवर एकोणिसाव्या मजल्यावर आले. नवी जागा बघायला मी गेलो तेव्हा काकूंनी खिडकीतून उड्डाणपूल दाखवला आणि म्हणाल्या, ‘गाड्या दिसतात रे, माणूस दिसत नाही. हाक कुणाला मारू?’ गिरण्यांचा भोंगा बंद पडला तेव्हाही त्यांनी अशीच तक्रार केली होती. त्या सकाळच्या भोंग्यावर दूध उतरवायच्या. संपाच्या पहिल्या आठवड्यात रोज दूध उतू गेलं म्हणे.

पण गप्प बसतील तर त्या काकू कसल्या? सहा महिन्यांत खाली वॉचमनच्या खुर्चीशेजारी त्यांची खुर्ची आली. लिफ्टमन कुठल्या गावचा, अकराव्या मजल्यावर काम करणाऱ्या बाईची मुलगी कितवीत, सगळं पाठ. नातीला शाळेच्या बसमधून उतरवून घ्यायला जायच्या, तर इतर मुलांच्या आयाही घुटमळायला लागल्या. नातीच्या मैत्रिणी त्यांना ‘लिफ्टवाली आजी’ म्हणायच्या. याच नातीने त्यांना व्हॉट्सॲपवर आवाजाचा निरोप पाठवायला शिकवलं. तो निरोप फोनसारखाच असायचा: ‘हॅलो. मी बोलते. जेवलास का?’ मग थोडा वेळ माझ्या उत्तराची वाट बघितल्यासारखी शांतता, मागे कुकरची शिट्टी, आणि ‘बरं, ठेवते हं.’

गेल्या श्रावणात काकू गेल्या. त्या दिवशी इमारतीच्या लिफ्टला पाऊण तास रांग होती. सर आता चौऱ्याऐंशीचे. दाराशी येणारी माणसं बघून त्यांनी मला हळूच विचारलं, ‘हे सगळे कुठल्या बॅचचे?’ मासेवालीची सून होती, शिपाईमामांचा मुलगा होता, लिफ्टमन ड्यूटी संपवून आला होता. त्यांतले फारच थोडे आपल्या शाळेचे होते. सरांना ते मी सांगितलं नाही.

समितीने लेखासोबत फोटो मागितला आहे. काकूंचा एकटीचा फोटो माझ्याकडे नाही. निरोप समारंभाच्या संध्याकाळचा एक आहे, फेब्रुवारी 1983चा, एका मुलाच्या मामाच्या कॅमेऱ्याने सरांच्या गॅलरीत काढलेला. आम्ही सहा जण, मध्ये सर, सगळ्यांच्या हातात वाट्या. काकू वाढत होत्या म्हणून त्यांचा चेहरा आलेला नाही. डाव्या कडेला हिरव्या बांगड्या घातलेला कोपरापर्यंतचा हात आणि त्यात पळी, एवढंच. छापणाऱ्यांना विनंती, फोटो चौकटीत बसवताना उजवीकडून कापावा. उजवीकडे मी आहे.