गुडघ्यांनी पाहिलेलं शहर

नकाशात वॅलेटा फारच शहाणं दिसतं. सगळे रस्ते सरळ, सगळे चौक काटकोनात, एका टोकाला शहराचा दरवाजा आणि दुसऱ्या टोकाला सेंट एल्मोचा किल्ला. माल्टाची ही राजधानी लांबीला जेमतेम एक किलोमीटर. तासाभरात चालून आटपेल, असं नकाशा सांगतो. नकाशाला गुडघे नसतात.

शहर बसलंय शिबेरास नावाच्या डोंगराच्या पाठीवर. १५६५ साली तुर्कांनी बेटाला वेढा घातला तेव्हा याच उंचवट्यावर तोफा चढवून त्यांनी सेंट एल्मोवर मारा केला. वेढा उठला, आणि बेटावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाचा, प्रमुख जाँ द व्हालेत याने २८ मार्च १५६६ रोजी तिथंच नव्या शहराचा पहिला दगड बसवला. पोपने धाडलेला इंजिनिअर फ्रान्चेस्को लापारेल्ली याने आखणी केली. डोंगर तासून सपाट करायचा बेत होता. पण तुर्क पुन्हा कधी येतील याचा नेम नव्हता, म्हणून ते काम सोडून आधी तटबंदी उभी करण्याची घाई झाली. डोंगर राहिला तो राहिलाच. आज आपण धापा टाकत चढतो त्या पायऱ्या म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वीची घाबरगुंडी आहे. मला तर त्या घाबरगुंडीचे आभार मानावेसे वाटतात. सपाट जमिनीवर हीच आखणी कंटाळवाणी झाली असती. इथं रस्ता समोर धाडकन खाली उतरतो, आणि त्याच्या तळाशी निळ्या पाण्याचा तुकडा दिसतो. दोन्ही बाजूंनी बंदरं असल्यामुळे आडव्या गल्ल्यांतून वारा आरपार जातो. चढून घामाघूम झालेल्या माणसाला एवढं पुरे.

सरळ रस्त्यांचा आणखी एक फायदा म्हणजे हरवण्याची धास्ती नसते, त्यामुळे मान खुशाल वर करून चालता येतं. वर बघण्यासारखं पुष्कळ आहे. मधाच्या रंगाच्या चुनखडीच्या भिंती, त्यांवर हिरव्या, लाल, निळ्या रंगाचे लाकडी बंदिस्त सज्जे. घराचा कोपरा सजवायचा असा नियमच होता, त्यामुळे वळणावळणावर कोनाड्यात एखादा संत उभा असतो. नदी नसलेल्या या बेटावर प्रत्येक घराखाली पावसाचं पाणी साठवणारी विहीर खोदायचाही नियम होता. तिथून निघालेला दगड घरालाच लागे. नगररचनेतली ही काटकसर मला त्या संतांपेक्षा जास्त भावली. सज्ज्यांतून दोरीला टोपली बांधून पाव वर ओढून घेण्याची जुनी रीत कळली, तेव्हा गिरगावातल्या चाळीच आठवल्या.

सेंट जॉनचं कॅथेड्रल बाहेरून इतकं साधं की चुकून पुढे निघून जावं. आत मात्र सोन्याचा कहर. लोक इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने १६०८ साली रंगवलेला संत जॉनचा शिरच्छेद बघायला येतात, आणि तो बघावाच. त्याची सही असलेलं हे एकमेव चित्र. पण मी खाली बघत राहिलो. जमीन म्हणजे सुमारे ४०० सरदारांची रंगीत संगमरवरी थडगी, आणि आपण त्यांच्यावरून चालत असतो. टोकदार टाचांचे बूट घालून आत जाता येत नाही. सरदारांना बोचतील म्हणून नव्हे, फरशी जपायला.

ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी बंदरापासून अप्पर बराक्का बागेपर्यंत ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे. बागेच्या खाली दुपारी बाराला तोफ उडते आणि कबुतरं रोज नव्याने दचकतात. समोरच्या ग्रँड हार्बरकडे बघताना आपली माणसं आठवली. १८७८ साली रशियाला धाक दाखवायला ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने मुंबईहून सुमारे ७ हजार हिंदी सैनिक माल्टाला आणले होते. ते लढले नाहीत. तिथून सायप्रसला गेले.

भूक लागली की पास्तिझी शोधावी. पापुद्रे सुटलेली, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. आणि सोबत काय, तर काचेच्या ग्लासात दूध घातलेला गोड चहा! टपरीवाल्याने विचारलं, आणखी एक? आधी वाटाण्याची घेतली होती, मग रिकोटाची घेतली. पापुद्रे शर्टभर सांडले. मग चहाही परत मागवला, कारण बसस्टँडपर्यंतचा सगळा रस्ता चढाचा होता.